नाईलकाठी उतरलेलं समारा

कैरोला जाणाऱ्या मराठी पर्यटकांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. गिझाचे पिरॅमिड, मग संग्रहालय, किल्ल्यावरची मोहम्मद अलीची मशीद आणि संध्याकाळी खान अल-खलिलीच्या बाजारात घासाघीस. त्या किल्ल्यापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, सय्यिदा झैनब भागाच्या गजबजाटात, इब्न तुलून मशीद उभी आहे. इजिप्तच्या पाच पौंडांच्या कागदी नोटेवर तिचं चित्र आहे. त्यामुळे ती बहुतेक पर्यटकांच्या हातातून जाते. पाहायला मात्र थोडेच जातात.

कैरोच्या आधीची राजधानी फुस्तात, तिथली अम्रची मशीद सालाने हिच्याहून जुनी, पण ती इतक्या वेळा पाडली, वाढवली आणि पुन्हा बांधली गेली की मूळचं फारसं काही उरलं नाही. इब्न तुलून मशीद बांधली गेली ८७६ ते ८७९ या काळात, आणि आजही ती बरीचशी तशीच आहे. कैरो शहराची स्थापनाच ९६९ची. म्हणजे राजधानीपेक्षा ही मशीद नव्वद वर्षांनी वडील. मग ती बांधली कुणासाठी?

बुखाऱ्याहून अब्बासी खलिफाला नजराणा म्हणून काही तुर्की गुलाम पाठवले गेले, त्यांतला एक तुलून. त्याचा मुलगा अहमद, म्हणजेच इब्न तुलून, वाढला इराकमधल्या समाऱ्यात. ही अब्बासी खलिफांची त्या काळची नवी राजधानी होती. ८६८ मध्ये तो इजिप्तचा कारभार पाहायला आला आणि हळूहळू खलिफाकडे जाणारा महसूल आखडता घेत जवळजवळ स्वतंत्र राजा झाला. फुस्तातच्या ईशान्येला त्याने अल-कताई नावाचं शहर वसवलं. तिथे फौजेतल्या प्रत्येक गटाला वेगळा मोहल्ला होता. शिवाय राजवाडा, चौगानचं मैदान आणि रुग्णालय. मधोमध, टेकडीवर, ही मशीद. जे समाऱ्यात पाहिलं, तेच त्याला नाईलकाठी हवं होतं.

हे ध्यानात ठेवलं की मशिदीतल्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. इजिप्त हा दगडाचा देश. जुन्या मंदिरांचे आणि चर्चचे तयार खांब आणून मशिदी उभारायची तिथली सवय. इथे मात्र सगळं काम भाजलेल्या विटांचं, वरून गिलावा. कमानी पेलायला गोल खांबांऐवजी चौकोनी विटांचे भक्कम स्तंभ आहेत आणि त्यांच्या कोपऱ्यांत विटांचेच अर्धवट खांब कोरून काढले आहेत. जुने अरबी इतिहासकार याची गोष्ट सांगतात. मशिदीला तीनशे खांब लागणार आणि ते चर्चमधून उपटून आणावे लागणार, हे अमीर अहमदला पटेना. तेव्हा तुरुंगात पडलेल्या एका ख्रिस्ती स्थपतीने निरोप धाडला, की किब्ल्याजवळचे, म्हणजे मक्केकडच्या भिंतीजवळचे, दोन सोडले तर एकाही खांबाशिवाय मशीद बांधून देतो. गोष्ट खरी असो वा नसो, मिहराबाच्या, म्हणजे त्या भिंतीतल्या कोनाड्याच्या, बाजूचे संगमरवरी खांब बायझंटाईन घडणीचे आहेत, आणि विटांचे स्तंभ थेट समाऱ्याच्या मशिदींतून आलेले आहेत.

अंगण सुमारे ९२ मीटर चौरस. किब्ल्याच्या बाजूला पाच ओळींचा सभामंडप, उरलेल्या तीन बाजूंना दोन-दोन ओळी. कमानी टोकदार आहेत. युरोपातल्या गॉथिक चर्चमध्ये अशा कमानी दिसू लागल्या त्या दोन-अडीच शतकांनंतर. कमानींच्या पोटात गिलाव्यावर कोरलेली वेलबुट्टी आहे, तीही समाऱ्याच्याच वळणाची. भिंतींत वर १२८ खिडक्यांची रांग असून त्यांच्या जाळ्या निरनिराळ्या भौमितिक नक्षीच्या आहेत. छताखालून लाकडी पट्टीवर कुफी लिपीतली कुराणवचनं फिरत गेली आहेत. त्या पट्टीची लांबी दोन किलोमीटरच्या आसपास सांगतात.

मशिदीच्या तीन बाजूंना आणखी एक मोकळं आवार आणि त्याबाहेर दुसरी भिंत आहे. हीसुद्धा समाऱ्याचीच रीत. रस्त्यावरचे मायक्रोबसचे हॉर्न आणि फेरीवाल्यांच्या हाका या पट्ट्यातच विरतात. तिथेच मिनार आहे: खाली चौकोनी, वर गोल, आणि जिना बाहेरून वळसा घेत चढणारा. अमीर दरबारात कागदाची सुरळी बोटाभोवती गुंडाळत बसला होता, कुणीतरी पाहतंय म्हटल्यावर ‘मिनार असा हवा’ म्हणाला, अशी आख्यायिका आहे. खरा नमुना समाऱ्याच्या सर्पिल मिनाराचा. पण हा मिनार दगडाचा आहे, त्यामुळे तो तेराव्या शतकाअखेर जुन्या घाटावर नव्याने बांधला असावा, असं अनेक अभ्यासकांचं मत.

९०५ मध्ये अब्बासी सैन्याने इजिप्त परत घेतला आणि अल-कताई जमीनदोस्त केलं. मशिदीला तेवढा हात लावला नाही. पुढे ती कधी मगरिबहून, म्हणजे वायव्य आफ्रिकेतून, हजला निघालेल्या यात्रेकरूंची धर्मशाळा झाली, कधी नुसती ओसाड राहिली. १२९३ मध्ये इजिप्तच्या सुलतान खलीलच्या खुनात सामील असलेला लाजीन नावाचा ममलूक सरदार या पडक्या वास्तूत लपून बसला. वाचलो तर हिचा जीर्णोद्धार करीन, असा नवस त्याने केल्याचं सांगतात. १२९६ मध्ये तो स्वतःच सुलतान झाला आणि नवस फेडला. अंगणाच्या मध्यातला घुमट त्याचाच. त्याने बसवलेल्या लाकडी मिंबरच्या, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठाच्या, काही कोरीव फळ्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. एकोणिसाव्या शतकात इथे वृद्ध-अपंगांचा आश्रम होता. १८८१ मध्ये अरबी वास्तूंच्या जतनासाठी समिती नेमली गेली, त्यानंतर दुरुस्तीला शिस्त आली.

जायचं तर सकाळी जावं; शुक्रवारची दुपार नमाजासाठी सोडावी. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हवेत, स्त्रियांनी ओढणी जवळ ठेवावी. दारात बुटांवर कापडी पिशव्या चढवून देतात, त्या माणसाच्या हातावर थोडे सुटे पैसे ठेवायचे. मिनार चढू देत असतील तर जरूर चढावं. वरून चौकाचौकाची आखणी एका नजरेत कळते. शेजारीच गेयर-अँडरसन संग्रहालय आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतली दोन घरं जोडून झालेल्या या वास्तूत जेम्स बाँडच्या ‘द स्पाय हू लव्हड मी’चं चित्रीकरण झालं होतं.

अल-कताई उरलं नाही. समाऱ्याच्या मोठ्या मशिदीची तटभिंत आणि मिनार शिल्लक आहेत, आतला मंडप केव्हाच गेला. नवव्या शतकातली समाऱ्याच्या धाटणीची मशीद आतून कशी दिसत असे, हे पाहायचं तर आता कैरोलाच यावं लागतं. सहल-कंपनीकडे बाजाराच्या वेळातून दीड तास मागून घ्यावा. घासाघीस उरलेल्या वेळातही होते.