क्लच वायर तुटायच्या आधी बघा
पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघालात आणि क्लच वायर तुटली, की दूध वाटेतच अडकतं. वायर बहुतेक वेळा सांगून तुटते, आपलंच लक्ष नसतं. क्लच जड लागतो, दाबलेली लिव्हर सावकाश परतते, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही. लिव्हरपाशी रबर सरकवून बघा. गोळीजवळ एक जरी तार तुटलेली दिसली तर वायर बदलाच, तेल टाकत बसू नका.

जुनी काढण्याआधी ती कुठून कशी गेलीय याचा मोबाईलवर फोटो घ्या, नवी तशीच ओवा. बहुतेक 100-125 सीसी गाड्यांना लिव्हरच्या टोकाला 10 ते 15 मिमी ढिलाई लागते. ताठ ठेवली तर क्लच घसरून प्लेटा जळतात, आणि तो खर्च वायरीच्या कितीतरी पट! शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. वायरीला ओढ बसली तर पुन्हा ओवा.