शोकाला सोबत देणारी पुस्तके

मायदेशापासून दूर राहणाऱ्या आपल्या प्रत्येक घरात एका फोनची भीती दडलेली असते. अल्फारेटात हिवाळ्यातल्या रात्रीचे अडीच वाजतात, तेव्हा नागपुरात दुपारचा एक झालेला असतो. अशा वेळी वाजणारा फोन सहसा बरी बातमी आणत नाही. आमच्या गटातील एका मित्राला गेल्या हिवाळ्यात असाच फोन आला. आई गेली होती. अंत्यसंस्कार त्याच संध्याकाळी होणार होते आणि येथून नागपूर गाठायला दिवसाहून अधिक वेळ लागतो. शिवाय व्हिसाचे नूतनीकरण अडकलेले. देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नव्हती. आईचा अखेरचा निरोप त्याने फोनच्या पडद्यावर घेतला. तिकडे भन्तेजी त्रिसरण-पंचशील देत होते आणि इकडे तो त्यांच्या आवाजात आवाज मिसळत होता. मध्येच नेटवर्क तुटले.

आम्ही जेवणाचे डबे घेऊन गेलो. आमच्यापैकी एकाने दुःखातून सावरण्याचा मार्ग सांगणारे एक इंग्रजी पुस्तकही नेले. दोन महिन्यांनी मित्राने ते परत केले. म्हणाला, "दादा, पुस्तक चांगलं असेल. पण ते मला सारखं पुढं ढकलतं. मला अजून थोडं इथंच थांबायचं आहे."

त्या वाक्याने आम्हाला विचारात पाडले. शोक झालेल्या माणसाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, आणि ते देताना आपण त्याच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा करीत असतो?

पायऱ्यांचा हिशेब

अमेरिकेत या विषयावरील पुस्तकांची कपाटे भरलेली आहेत. त्यांतील अनेकांच्या मुळाशी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ स्त्रीचा १९६९ मधील 'ऑन डेथ अँड डाइंग' हा ग्रंथ आहे. नकार, संताप, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या पाच अवस्था तेथूनच सर्वश्रुत झाल्या. मात्र तो ग्रंथ मरणाच्या दारी उभ्या असलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांतून साकारला होता. मागे राहिलेल्यांच्या शोकाला त्या अवस्था पुढे लावल्या गेल्या. आम्ही बहुतेक जण संगणक क्षेत्रातले. टप्पे, मुदती आणि पूर्णत्वाचा शेरा यांची आम्हाला सवय. म्हणूनच की काय, हा पाच पायऱ्यांचा जिना आम्हाला फार सोयीचा वाटतो. पण आई गमावलेल्या मुलाला आपण कितव्या पायरीवर आहोत हे मोजायला लावणे म्हणजे त्याच्या दुःखाचा प्रगती-अहवाल मागणे होय.

हा दोष केवळ पाश्चात्त्य पुस्तकांचा नाही. आपल्या शोकसभांतही एक वाक्य हमखास ऐकू येते: बाबासाहेबांनी चार लेकरे गमावली, तरी ते रडत बसले नाहीत. कालकथित व्यक्तीच्या मुलाला धीर यावा म्हणून ते बोलले जाते, हे खरे. पण ते पुरेसे सत्य नाही.

बाबासाहेबांचे न भरलेले दुःख

गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही बाबासाहेब आणि रमाईंची चार मुले अकाली गेली. राजरत्नचा मृत्यू जुलै १९२६ मधला. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. आपण व आपली पत्नी या आघातातून सावरलो आहोत असे म्हणणे हे ढोंग ठरेल, आणि आपण कधी सावरू असे वाटतही नाही, अशी कबुली त्या पत्रात आहे. धीर सुटलेल्या माणसाची ही कबुली नव्हे. खोटे बोलायला नकार देणाऱ्या माणसाची आहे. राजरत्नच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, तोच पिता महाडच्या चवदार तळ्याकाठी उभा होता.

२७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. धनंजय कीर यांच्या चरित्रात त्या काळातील बाबासाहेबांच्या विकलतेचे वर्णन आहे. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. आणि पाच वर्षांनंतर 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा राजकीय विश्लेषणाचा करडा ग्रंथ सिद्ध झाला, तेव्हा बाबासाहेबांनी तो 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला.

या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. बाबासाहेबांनी शोक संपवून कार्य हाती घेतले नाही. न संपलेला शोक बरोबर घेऊनच ते चालत राहिले. कार्याने दुःख पुसले जाते असे त्यांनी कुठे म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. मग आपण एकमेकांना तसे का सांगावे?

मोहरीचा दाणा

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखितांचे सांत्वन करणाऱ्या बुद्धांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्यात विशाखा आहे आणि किसा गोतमीही आहे. नातीच्या मृत्यूने व्याकूळ झालेल्या विशाखेला बुद्ध प्रश्न विचारतात. ती विचारी उपासिका आहे, उत्तरांतून तिला वाट सापडते. मृत बाळाला कवटाळून औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला मात्र ते उपदेश करीत नाहीत. ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, एवढेच सांगतात. सत्य एकच, पण सांगण्याची रीत माणूस पाहून ठरलेली. पुस्तक देणाऱ्यानेही एवढे तारतम्य बाळगायला हवे.

किसा गोतमीच्या कथेचे तात्पर्य अनित्यता, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अल्फारेटात बसून ती पुन्हा वाचताना आमचे लक्ष दुसरीकडे गेले. बुद्धांनी तिला घरोघरी पाठवले. प्रत्येक उंबऱ्यावर कोणीतरी तिला आपल्या घरातले मरण सांगितले. तिचे दुःख कमी झाले नाही, ते एकटे राहिले नाही. येथील आमच्या वसाहतींत गॅरेजचे दार उघडते, गाडी आत जाते आणि दार बंद होते. मोहरी मागायला जावे तर कोणाच्या दारी?

पुस्तकांचे काम इथे सुरू होते. चांगले शोकपुस्तक हे असे एक उघडे दार असते.

काही उघडी दारे

ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) हे त्यांपैकी एक. आई बांबूची आयदाने विणायची. तिच्या विणण्याशी लेखिकेने आपल्या लिहिण्याचे नाते जोडले आहे. तरुण मुलाच्या मृत्यूचा घाव त्या पुस्तकात आहे आणि त्याला कोणताही मुलामा नाही.

सविता आंबेडकर यांचे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' (१९९०) वाचणे आपल्यासाठी अधिक अवघड, म्हणून अधिक आवश्यक. ६ डिसेंबर १९५६ रोजी आपण सारेच पोरके झालो. पण त्या दिवशी एक स्त्री विधवाही झाली होती, आणि तिच्याकडे संशयाने पाहिले गेले. समूहाचा शोक इतका मोठा झाला की त्यात पत्नीच्या शोकाला जागा उरली नाही. चळवळीतील माणसे जातात तेव्हा सभा, ठराव आणि छायाचित्रे यांच्या गर्दीत घरच्यांना रडायला कोपरा मिळतो का, हे हे पुस्तक आपल्याला विचारते.

चिमामांडा अदिची यांचे 'नोट्स ऑन ग्रीफ' (२०२१) हे छोटेखानी पुस्तक स्थलांतरितांनी अवश्य वाचावे. जून २०२० मध्ये त्यांचे वडील नायजेरियात वारले. लेखिका अमेरिकेत, विमानतळ बंद, आणि भावंडांची भेट झूमच्या पडद्यावर. आमच्या मित्राने हे पुस्तक एका बैठकीत वाचून संपवले.

आणखी एक पुस्तक आमच्या शेजारचेच. येथून सुमारे ४० किलोमीटरवर, अटलांटातील एबनेझर चर्चचे धर्मोपदेशक मार्टिन ल्युथर किंग सीनियर यांचे आत्मचरित्र १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. १९६८ मध्ये त्यांचा जगद्विख्यात पुत्र गोळीला बळी पडला. पुढच्याच वर्षी धाकटा मुलगा बुडून मरण पावला. ३० जून १९७४ रोजी त्यांच्या पत्नी अल्बर्टा यांना त्याच चर्चमध्ये, ऑर्गन वाजवत असताना, गोळ्या घालण्यात आल्या. तरीही त्यांनी द्वेषाला मनात घर करू दिले नाही. त्यांची श्रद्धा आपली नव्हे. परंतु अन्यायाने लादलेले मरण आणि नैसर्गिक मरण यांच्या शोकातला फरक ज्यांना ठाऊक आहे, अशा आपल्या लोकांना हे पुस्तक परके वाटणार नाही.

आमचा निश्चय

त्या परत आलेल्या पुस्तकाने आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, पुस्तक डब्यासोबत पहिल्या आठवड्यात नेऊ नये. तेव्हा डबाच पुरेसा असतो. दुसरी, पुस्तक देऊन निघून जाऊ नये. आता आमच्यापैकी दोघे जण पुण्यानुमोदनानंतरही, लोकांचे फोन थांबतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, त्या घरी जातात. हवे असल्यास एखादे प्रकरण मोठ्याने वाचतात. नको असल्यास चहा घेतात आणि गेलेल्या माणसाविषयी ऐकतात.

मित्राच्या घरी आम्ही गेलो तेव्हा त्याने कपाटातून आईची वही काढली. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या माउलीने वंदनेच्या गाथा आपल्या वळणाच्या अक्षरात उतरवून घेतल्या होत्या. मुलगा अमेरिकेला निघाला तेव्हा तिने ती वही त्याच्या बॅगेत टाकली होती. त्या संध्याकाळी आम्ही दुसरे कोणतेही पुस्तक उघडले नाही.