स्मृतिभ्रंश : रुग्णाबरोबर काळजीवाहकाचाही प्रश्न

आयुर्मानातील वाढ हे विकासाचे एक गमक मानले जाते. मात्र या यशाबरोबरच उतारवयातील आजारांचे नवे प्रश्न समाजापुढे उभे राहिले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. राष्ट्रीय पातळीवरील पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार या वयोगटातील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. म्हणजेच जेथे तज्ज्ञ डॉक्टरांची उपलब्धता कमी, तेथेच गरज जास्त आहे.

आजाराचे स्वरूप

स्मृतिभ्रंश हा एकच आजार नसून लक्षणांचा समूह आहे. त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमर. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्यांमुळेही तो उद्भवतो. किल्ली कोठे ठेवली हे विसरणे वयोमानानुसार स्वाभाविक आहे. किल्लीचा उपयोग काय हेच न उमगणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, रोजचे व्यवहार न जमणे ही मात्र आजाराची चिन्हे होत. 'म्हातारपणी असे चालायचेच' या समजुतीमुळे निदानास विलंब होतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार व नैराश्य यांमुळेही अशी लक्षणे दिसू शकतात आणि त्यांवर उपचार करता येतात. म्हणून वेळीच तपासणी आवश्यक ठरते.

हा आजार पूर्णपणे बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. साहजिकच उपचाराचा मोठा भाग म्हणजे दैनंदिन काळजी, आणि ती प्रामुख्याने घरातच घेतली जाते.

कुटुंबावरील भार

ही जबाबदारी बहुतांशी पत्नी, सून वा मुलगी यांच्यावर येते. रुग्ण तोच प्रश्न वारंवार विचारतो, रात्री जागतो, घराबाहेर निघून जातो, कधी आपल्याच माणसांवर चोरीचा आळ घेतो. हे वर्तन हेतुपुरस्सर नसून आजाराचा परिणाम आहे, हे कळले नाही तर घरात कलह वाढतो. काळजीवाहकाची झोप, प्रकृती आणि पुष्कळदा रोजगारही हातचा जातो. या श्रमांची नोंद कोणत्याही उत्पन्नाच्या हिशेबात होत नाही.

घरातील काही साधे बदल उपयुक्त ठरतात. दिनक्रम ठरावीक ठेवावा. एका वेळी एकच सूचना, सोप्या शब्दांत द्यावी. चूक दाखवून वाद घालण्याऐवजी लक्ष दुसरीकडे वळवावे. रुग्णाला जमणारी कामे, उदाहरणार्थ भाजी निवडणे वा कपड्यांच्या घड्या घालणे, त्याच्याकडेच राहू द्यावीत. त्यामुळे त्याचा आत्मसन्मान टिकतो. काळजीवाहकाला आठवड्यातून काही तास तरी विश्रांती मिळेल, अशी कामाची वाटणी कुटुंबाने करावी.

गोव्यातील प्रयोग

विकसनशील देशांतील स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी १९९८ मध्ये कोची येथे '१०/६६' हा आंतरराष्ट्रीय संशोधक गट स्थापन झाला. जगातील ६६ टक्के रुग्ण या देशांत असूनही संशोधनातील त्यांचा वाटा १० टक्क्यांहूनही कमी होता, हे या नावातून सूचित होते. गोव्यात ८१ कुटुंबांच्या सहभागाने झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित स्थानिक गृहसल्लागारांनी सहा महिने या कुटुंबांना भेटी दिल्या; आजाराची माहिती, वर्तन हाताळण्याचे मार्ग आणि मानसिक आधार दिला. त्यातून काळजीवाहकांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे होणारा त्रास कमी झाला. तज्ज्ञांची वाण असलेल्या देशात ही बाब महत्त्वाची आहे.

कायदे आणि योजना

ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत याचे आगाऊ निर्देश देण्याचा व प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला. निर्णयक्षमता शाबूत असतानाच तो वापरावा लागतो. त्यामुळे लवकर निदानाला कायदेशीर महत्त्वही आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या दूरध्वनी सेवा उपलब्ध आहेत. २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मिळाले. परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, घरातील दीर्घकालीन शुश्रूषेसाठी नाही.

येथेच धोरणातील खरी उणीव दिसते. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. ती पार पाडणाऱ्याला आधार देणारी व्यवस्था मात्र अपुरी राहिली. आशा कार्यकर्त्यांना या आजाराचे प्रशिक्षण, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी, तालुका पातळीवर दिवसभराची संगोपन केंद्रे आणि काळजीवाहकांसाठी समुपदेशन यांची जोड मिळाल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल. कुटुंबसंस्था हे आपले सामर्थ्य आहे असे म्हणताना त्या कुटुंबात रात्रंदिवस जागणाऱ्या व्यक्तीचा विचार नियोजनात झाला पाहिजे.