शेततळ्यातला मासा पेंड खातो, पण अंगी लागते किती?

शेततळ्यात रोहू-कटला सोडले, रोज पेंड-कोंडा टाकला, तरी मासा वजन धरत नाही, अशी तक्रार थंडीत हमखास ऐकू येते. दोष बहुतेक वेळा मत्स्यबीजाला दिला जातो. पण खाद्य पोटात जाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं.

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस या माशांना आपल्यासारखं जठर नसतंच. घास थेट लांबलचक आतड्यात जातो. तिथे प्रथिनांचे बारीक तुकडे होतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. यातली बरीचशी आतड्याच्या पेशीत एकटी शिरत नाहीत, सोबत सोडियम लागतं. मिठात असतं तेच.

विहिरीचं बघा. मोटारीने पाणी उपसलं की झरे आत वाहू लागतात. आतड्याच्या पेशीतही असाच पंप असतो. तो दर फेरीला 3 सोडियम रक्ताच्या बाजूला फेकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. पेशीत सोडियम कमी पडलं की आतड्यातलं सोडियम आत धावतं आणि जाताना अमिनो आम्लाला हाताला धरून नेतं.

मोटारीला वीज लागते, तशी या पंपाला ऊर्जा. ती मिळायला ऑक्सिजन हवा. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी गारठलं की सगळं काम मंदावतं. तळ्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो पहाटे. अशा वेळी टाकलेली पेंड तळाशी कुजते, अमोनिया होतो आणि उरलासुरला ऑक्सिजनही जातो. खर्च आपलाच!

सोडियम लागतं म्हणून तळ्यात मिठाची पोती ओतू नका. ते माशाच्या रक्तात आणि पाचकरसात असतंच, शिवाय कल्ल्यांतूनही तो पाण्यातले क्षार ओढून घेतो.

खरी उणीव असते खाद्यात. 10 अमिनो आम्लं माशाला बाहेरूनच मिळावी लागतात. नुसत्या शेंगदाणा पेंडीत त्यातली लायसिन आणि मेथिओनिन कमी पडतात. एक जरी कमी पडलं तरी बाकीची वाढीला लागत नाहीत, जळून अमोनिया होऊन कल्ल्यांतून बाहेर पडतात. सोयाबीन पेंडीत लायसिन बरं असतं, सुकटीच्या चुऱ्यात दोन्ही.

खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या 2 ते 3 टक्के, तेही ऊन वर आल्यावर. छिद्रं पाडलेल्या पोत्यात भरून पाण्यात टांगावं. दोन-तीन तासांनी पोतं वर ओढून बघा. निम्मं तसंच असेल, तर उद्या कमी टाका.