शिदोरीतले पाणी

वऱ्हाडात फाल्गुन सरला की अकोल्या-अमरावतीच्या गच्च्यांवर बाजा पडतात. त्यांवर जुने धोतर पसरून कुरडया, पापड, मुगाच्या वड्या, गवारीच्या शेंगा वाळत घातल्या जातात. याच सुटीत पाठीवर पिशवी टाकून सातपुड्याकडे निघण्याची हौसही अनेकांना येते. निघताना या वाळवणातले काय बरोबर घ्यावे आणि काय घरी ठेवावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

अन्न वाळवले की टिकते, याचे कारण साधे आहे. बुरशी आणि जंतू यांना वाढण्यास पाणी लागते, आणि पालेभाजीत तर शेकडा 85 ते 90 भाग पाणीच असते. ते काढून घेतले की नासण्याचे काम थांबते व ओझेही घटते. यास ऊन हवे तशी कोरडी हवाही हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात ही दोन्ही भरपूर असतात. वाळलेली शेंग वाकवून पाहावी. कट्कन मोडली तर ठीक. नुसती वाकली तर तिच्यात ओल आहे, ती पिशवीत बुरसेल.

परंतु वाळलेले ते हलके आणि हलके ते प्रवासास योग्य, एवढ्यावर थांबणे ही चूक होय. ती आम्ही स्वतः केलेली आहे. एका उन्हाळ्यात आम्ही काही मित्र अकोटच्या उत्तरेस शहानूरवरून नरनाळा किल्ल्यावर गेलो. पिशव्यांत डाळ, तांदूळ व वड्या होत्या. हे सारे रान अभयारण्याचे. वाटेवर वाळलेल्या पानांचा खच. चूल पेटवावयाची नाही, असे वनरक्षकाने बजावले, आणि ते योग्यच होते. दुपारपर्यंत पाणीही संपत आले. पाठीवर अन्न होते, पण पोटात घालता येत नव्हते. एका मित्राच्या आईने आग्रहाने दिलेले सातूचे पीठ आणि फुटाणे यांवर त्या दिवशी सर्वांचे निभावले.

असे का व्हावे? कच्च्या डाळ-तांदळातले पिष्ट पाणी व उष्णता एकत्र मिळाल्याखेरीज फुगत नाही, आणि फुगल्याखेरीज नीट पचत नाही. म्हणून सुक्या अन्नाचे दोन वर्ग करावेत. डाळ, तांदूळ, वड्या हे कच्चे वाळलेले. त्यांचे शिजणे अजून उरलेले असते. पोहे, लाह्या, फुटाणे, सातूचे पीठ यांचे शिजण्याचे काम घरच्या विस्तवावर आधीच झालेले असते. कुरडईचा चीकही शिजवलेला असतो खरा, पण तिला पुढे कढई लागते, आणि पिशवीत तिचा चुरा होतो. तिबेटच्या पठारावर जळण दुर्मिळ. तेथील लोक भाजलेल्या जवाचे पीठ लोणी घातलेल्या चहात कालवून खातात. आपल्या आजीचा सातू तो हाच.

आता हिशेब पाहू. पाव किलो डाळ शिजवण्यास जवळजवळ एक लिटर पाणी लागते, म्हणजे आणखी एक किलो ओझे. शिवाय सरपण वेगळेच. तेव्हा हलकी दिसणारी डाळ वाटेत पाचपट जड होते. उलट 100 ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात व ते तसेच खाता येतात. मात्र तेलामुळे ते खवट होतात, म्हणून ताजे भाजून घ्यावेत. एका माणसास दिवसाला सातू व पोहे मिळून 300 ग्रॅम, फुटाणे व शेंगदाणे प्रत्येकी 100, आणि गूळ 100 ग्रॅम घेतला की सुमारे 2,400 कॅलरी होतात. गुळास ओल लागू नये म्हणून तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. वाळवण्यात क जीवनसत्त्व बरेच नष्ट होते, त्यासाठी आवळकाठी किंवा वरुड-मोर्शीकडचे एखादे संत्रे असावे. घामावाटे मीठ जाते, म्हणून सातूत चिमूटभर मीठ घालावे. पिण्याचे पाणी मात्र या सर्वांहून वेगळे व भरपूर घ्यावे. त्यात काटकसर नको.

वड्या-पापडांना आम्ही नावे ठेवीत नाही. आषाढात भाजी मिळेनाशी झाली की तेच घर चालवतात. पण पिशवी भरताना प्रत्येक जिन्नस हातात घेऊन त्याला विचारावे: बाबा, वाटेत तू माझ्याकडे किती पाणी आणि किती विस्तव मागशील? ज्याचे उत्तर सर्वांत कमी, त्यानेच आपल्याबरोबर डोंगर चढावा.