मशीन सुरू होत नाही, म्हणून खाती बुडाली असे नव्हे

रात्री वीज अचानक गेली आणि सकाळी दुकानातले लिनक्सचे मशीन सुरूच होईना. पडद्यावर इंग्रजी ओळी येतात, देखभालीसाठी रूटचा पासवर्ड मागितला जातो आणि गाडी तिथेच अडते. मग कोणी तरी जाणकार सांगतो, फॉरमॅट करा. व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे की हे ऐकू नका. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनाने (सूरह बकरा, आयत २८२) केली आहे. ती लिहिलेली उधारी घाईत पुसून टाकण्याचे कारण नाही.

फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कची खतावणी. कोणती फाइल कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, किती ब्लॉक मोकळे आहेत, हे तीत असते. लिहिता लिहिता वीज गेली की ताळा चुकतो. एक्स्ट४ मध्ये बदल आधी कीर्दीत, म्हणजे जर्नलमध्ये, टिपले जातात. म्हणून बहुतेक वेळा मशीन आपोआप सावरते. न सावरल्यास एफएससीके ही आज्ञा ताळा जमवते.

पण आधी डिस्क पाहा. ती खटखट आवाज करीत असेल किंवा वाचताना चुका देत असेल, तर दुरुस्तीला हात लावू नका. डीडीरेस्क्यूने तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि काम नकलेवर करा. डिस्क ठीक असेल तरी पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करावे, म्हणजे बिघडलेला भाग माउंट होत नाही. माउंट असलेल्या, लिहिण्यास खुल्या भागावर एफएससीके चालवणे म्हणजे धडधडीत नुकसान ओढवून घेणे.

प्रथम 'एन' हा पर्याय द्यावा. त्यात काही न बदलता दोष दिसतात. मग प्रत्यक्ष दुरुस्ती. सुपरब्लॉकच खराब असेल तर घाबरू नये, त्याच्या प्रती डिस्कवर इतरत्र असतात. चार केबीचे ब्लॉक असल्यास पहिली प्रत सहसा ३२७६८ व्या ब्लॉकवर मिळते, ती 'बी' पर्यायाने सांगावी. एक्सएफएस असेल तर एफएससीके काहीच करीत नाही, तेथे एक्सएफएस-रिपेअर लागते.

पत्ता हरवलेल्या फाइली लॉस्ट-अँड-फाउंड या डिरेक्टरीत, नावाऐवजी क्रमांकाने येतात. त्या उघडून पाहाव्यात, एखादी उधारीचीच निघते. शेवटच्या दिवसाच्या नोंदी मात्र कागदी बिलबुकाशी ताडून घ्याव्यात, कारण जर्नलमध्ये सहसा फाइलींच्या जागांची नोंद असते, आतल्या रकमांची नाही.