शोधसूचीचे स्थान : एक आवश्यक दक्षता

सौसर तहसिलीतील बोरगाव पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा निर्माण झाल्यावर ते त्यात समाविष्ट झाले. बोरगाव नावाची गावे महाराष्ट्रातही अनेक आहेत. अशा गावाची नेमकी नोंद संगणकावर त्वरित सापडावी, यासाठी शोधसूची लागते. ग्रंथाच्या शेवटची शब्दसूची जशी पृष्ठ दाखविते, तशी ही सूची कोणता शब्द कोणत्या नोंदीत आहे ते दाखविते.

डग कटिंग यांनी १९९९ साली जावा भाषेत रचलेली ‘ल्युसीन’ प्रणाली अशी सूची तयार करते. ‘सोल्र’ ही शोधप्रणाली तिच्यावरच उभारलेली आहे. सूचीची जागा केवळ प्रणालीच्या मांडणी-फाइलमध्ये लिहिलेली असेल, तर नवी आवृत्ती बसविताना ती फाइल बदलली जाऊ शकते. मग प्रणाली दुसऱ्याच, रिकाम्या जागी सूची उघडते. नोंद शाबूत असूनही ‘आढळली नाही’ असे उत्तर मिळते आणि दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ रिकाम्या हाताने परततो.

यास्तव ही जागा फाइलबाहेरून सांगावी. सोल्रमध्ये ‘सोल्र.डेटा.होम’ हे मूल्य प्रणाली सुरू करण्याच्या आज्ञेतच देता येते. बदलापूर्वी प्रणाली थांबवावी, जुनी सूची नव्या जागी हलवावी आणि प्रणाली ज्या खात्यातून चालते त्यास तेथे लिहिण्याचा अधिकार द्यावा. सूची हरवली तरी मूळ नोंदींवरून ती पुन्हा तयार करता येते. मूळ नोंदी हरवल्यास मात्र इलाज नाही. म्हणून त्यांची प्रत स्वतंत्र ठेवणे अगत्याचे आहे.